जावईबापूंची विजेची स्कूटर आणि येसबाची होडी

एका जंगलात एक नदी होती. गोष्टीतल्या जंगलात नदी ठेवावीच लागते, नाहीतर प्राण्यांनी पाणी प्यायला जायचं कुठे. तर बाळांनो, नीट मांडी घालून बसा. मागच्यांनी कुजबुज करू नका. गोष्ट गंभीर आहे, हसू आलं तर तोंड दाबून हसा.

या नदीत एक पाणमांजर राहायचं. त्याला सगळे येसबा म्हणत. येसबा गरीब स्वभावाचा होता. मिशा मोठ्या आणि आवाज लहान. तो आणि त्याची बायको सगुणाबाई एका होडीत राहायचे. दिवसा त्या होडीतून प्राणी या काठावरून त्या काठावर जायचे, आणि दिवस मावळला की तीच होडी घर व्हायची.

होडी येसबाने स्वतःच्या हाताने बांधली होती, फणसाच्या लाकडाची. मधोमध फळ्यांची एक खोली होती. खोलीला एकच दार. दाराबाहेर, होडीच्या पुढच्या टोकाला, मोकळी उघडी जागा. त्यांची मुलगी चंद्रा याच खोलीत जन्मली आणि खोलीतल्या डाव्या कोपऱ्यात वाढली. येसबाला होडीचा प्रत्येक वास माहीत होता. डांबराचा, ओल्या दोराचा, सुकवलेल्या मासळीचा. डोळे मिटून त्याला सांगता आलं असतं की आपण घरी आहोत.

चंद्राचं लग्न एका मुंगसाशी झालं होतं. मुंगूस आणि पाणमांजर, लांबून बघितलं तर नात्यातलेच वाटतात. मुंगसाचं नाव नागेशराव. घरचा चांगला होता, दिसायला चांगला होता, फक्त रुसायचा. वरातीत बेडकांच्या बँडने त्याच्या आवडीचं गाणं वाजवलं नाही, म्हणून तो रुसला. तो राग त्याने बेडकांवर काढला नाही. चंद्रावर काढला. सबंध पावसाळा तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. चंद्राने हे येसबाला एकदाच सांगितलं, तेही नदीकडे बघत. तेव्हापासून येसबाला जावयाची भीती वाटायची. स्वतःसाठी नाही, मुलीसाठी.

आणि अशात अधिक महिना आला.

अधिक महिना तुम्हाला माहीत असेल. या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावतात, अनारसे करतात, दिव्याने ओवाळतात. लेक आणि जावई म्हणजे लक्ष्मीनारायण. त्यातल्या नारायणासाठी पाट मांडतात. लक्ष्मी आल्याआल्या स्वयंपाकाला लागते.

नागेशरावांनी निरोप पाठवला, येतो. पण स्कूटर घेऊन येतो.

स्कूटर नवी होती. विजेवर चालायची, आवाज करायची नाही. नागेशराव जंगलात तिच्यावरून हिंडत आणि मोरसुद्धा बाजूला होत. होडीत रस्ता नसतो, तर होडीत स्कूटर कशाला, असं येसबाच्या मनात आलं. तो बोलला नाही. सासऱ्याच्या मनात बरंच काही येतं.

ठरल्या दिवशी नागेशराव धक्क्यावर आले. दगडी धक्का, जिथे सगळ्या होड्या लागतात. दोन रानडुकरांनी स्कूटर उचलून होडीत ठेवली. आता प्रश्न आला, लावायची कुठे.

"इथे पुढे लावू," येसबा म्हणाला. "मोकळी जागा आहे, वारा आहे. खुंटाला बांधली की हलायची नाही. पाऊस आला तर वरून ताडपत्री."

"बरोबर आहे आबा," चंद्रा म्हणाली. "घरी मी आंब्याखालीच लावते. हिला मोकळीच ठेवायची असते. चार्जिंगला लावली की जास्तच."

सगुणाबाईने तोंडावर हात ठेवला.

"जावयाची गाडी बाहेर? उघड्यावर? अगं, समोरून सगळं जंगल जातं. लोक काय म्हणतील?"

"राहू दे बाहेर," नागेशराव म्हणाले. "माझं काय एवढं."

बाळांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. जावई जेव्हा 'माझं काय एवढं' म्हणतो, तेव्हा त्याचं बरंच काही असतं. येसबाने चंद्राकडे बघितलं. चंद्रा नदीकडे बघत होती. येसबाने मुकाट्याने स्कूटरचं मागचं चाक धरलं आणि ती खोलीत ढकलली.

स्कूटर अर्धी आत गेली आणि दारातच अडकली. हँडल पलीकडच्या फळीला टेकलं होतं. खोलीचं एकुलतं एक दार स्कूटरने भरून गेलं. "असू दे," सगुणाबाई म्हणाली, "दारातून आल्याआल्या पहिलं दर्शन तिचंच होईल." त्यानंतर त्या खोलीत ज्याला यायचं असे, तो सीटवर चढून पलीकडे उडी मारत असे. सगुणाबाई अनारशांचं ताट डोक्यावर घेऊन चढायची. तिने कधी कुरकुर केली नाही.

स्कूटरच्या पुढच्या चाकाला जागा हवी म्हणून डाव्या कोपऱ्यातलं चंद्राचं अंथरूण काढलं. ते पुढच्या उघड्या जागेत गेलं. "ती काय, घरचीच आहे," सगुणाबाई म्हणाली.

मग स्वागत झालं. नागेशरावांना पाटावर बसवलं, ओवाळलं. स्कूटरला पाटावर बसवता येईना, म्हणून पाट तिच्यासमोर ठेवला. हेडलाइटला कुंकू लावलं. हँडलला लिंबू-मिरची बांधली. आणि सगुणाबाईने विचारलं, "ही काय खाते?"

"वीज," नागेशराव म्हणाले.

"मग वाढा की. प्रवासातून आलीय, तशीच उभी काय ठेवायची?"

"आई, आल्याआल्या लावायची नसते," चंद्रा म्हणाली. "बॅटरी तापलेली असते. जरा थंड होऊ द्यायची."

"पाहुणा आला तर त्याला आधी थंड होऊ देतेस का तू? मग पाणी देतेस? हे शिकलीस सासरी?"

चंद्राने चार्जर काढायला पिशवी उघडली.

स्कूटरचा चार्जर घरी राहिला होता. चंद्राने तो पिशवीत भरला होता. नागेशरावांनी तो काढून तिथे आपला कोट भरला होता. तेव्हा धक्क्यावरच्या वायरमन माकडाला बोलावलं. तो सशाच्या जुन्या रिक्षाचा चार्जर घेऊन आला. त्याने पिन स्कूटरमध्ये घालून बघितली. जरा जोर लावला. पिन बसली.

"हा हिचा नाही," चंद्रा म्हणाली.

"बसतंय म्हणजे चालतंय, ताई," माकड म्हणाला. त्या जंगलात बऱ्याच गोष्टी याच तत्त्वावर चालत होत्या.

माकडाने धक्क्यावरच्या खांबापासून होडीपर्यंत वायर ओढली. मध्ये एक जोड होता, तो पाण्याला टेकत होता. माकड गेल्यावर येसबाने तो जोड उचलून काठीला उंच बांधला. जावयाच्या मुक्कामात येसबाने स्वतःच्या बुद्धीने केलेलं हे एकच काम. तेही कुणी बघत नसताना.

पुढचे दिवस मजेत गेले. नागेशराव सकाळी रानडुकरांकडून स्कूटर धक्क्यावर उतरवून घेत. धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारत. बगळे बघत राहत. मग स्कूटर परत खोलीत, परत वायरीला. धक्का काही लांब नव्हता. सकाळच्या फेरीत जेवढी वीज जायची, तेवढी चहा होईपर्यंत भरून निघायची. पण सगुणाबाईच्या घरात पाहुणा चहावर उठत नाही.

या घरात आग्रहाची रीत होती. पाहुणा "पुरे" म्हणाला की वाढणं सुरू व्हायचं. "पुरे पुरे" म्हणाला की दुप्पट वाढायचं. पानावर आडवा हात धरला तर हाताच्या कडेने वाढायचं. पोट भरलं हे या घरात पाहुण्याने ठरवायचं नसतं. नागेशराव रोज आडवा हात धरत आणि रोज बोटं किंचित फाकवून धरत.

पहिल्याच दिवशी चार्जरवरचा लाल दिवा हिरवा झाला.

"हे काय झालं?" सगुणाबाईने विचारलं.

"पोट भरलं तिचं," नागेशराव म्हणाले.

"इतक्यात? पहिल्याच वाढण्याला?" सगुणाबाईला ते पटलं नाही. तिने पिन काढली आणि परत घातली. दिवा लाल झाला. "बघा. भूक होती. संकोच करत होती बिचारी."

तेव्हापासून तो सगुणाबाईचा नेमच झाला. दिवा हिरवा दिसला की पिन काढायची आणि घालायची. स्वयंपाक करता करता, भांडी घासता घासता, सहज जाता येता ती स्कूटरला आग्रह करायची. चंद्रा म्हणायची, आई, हिरवा झाला की काढून ठेव. सगुणाबाई म्हणायची, तुझा हात आखडता आहे, म्हणून तुझ्या घरी पाहुणे टिकत नसतील.

संध्याकाळी नदीवरून गार वारा यायचा. सगुणाबाईने स्कूटरवर गोधडी घातली. जुन्या लुगड्यांची, जाड, चार पदरी. मग ती गोधडीखाली हात घालून बघायची. "चांगली ऊब आलीय अंगात," ती म्हणायची, आणि गोधडीच्या कडा खोचून द्यायची.

एका सकाळी सीट बंद होईना. सीटखालचा बॅटरीचा डबा फुगला होता. दोन्ही बाजूंनी गुटगुटीत झाला होता.

सगुणाबाईला इतका आनंद झाला की तिने धक्क्यावर जाऊन सांगितलं. "आली तेव्हा कशी चप्पट होती. बाळसं धरलंय आमच्याकडे." बदकांनी येऊन बघितलं. एकीने कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. नागेशरावांचंही पोट आता कोटाच्या बाहेर आलं होतं, तेव्हा त्यांनी त्या डब्याकडे आपुलकीने बघितलं आणि सीटवर एक उशी बांधून टाकली.

त्याच दिवशी येसबाला तो वास आला.

तो पुढच्या जागेत जाळं दुरुस्त करत होता. वास गोडसर होता, थोडा जळका. "पाक करपतोय का?" त्याने आत विचारलं. "आज पाक कुठला?" सगुणाबाई म्हणाली. येसबाने हातातलं जाळं खाली ठेवलं. हा वास डांबराचा नव्हता, दोराचा नव्हता, मासळीचा नव्हता. इतक्या वर्षांत हा वास या होडीत कधी आला नव्हता.

चंद्रा त्याच्याजवळ येऊन बसली.

"आबा, आज काढा ती बाहेर. वायर काढा आणि धक्क्याच्या पार टोकाला, मोकळ्यावर नेऊन ठेवा. फुगलेली बॅटरी घरात ठेवत नाहीत. मी सांगितलं तर ते रुसतील. तुम्ही सांगा."

"मी सांगतो," येसबा म्हणाला.

तो उठला. स्कूटरच्या सीटवर चढला आणि पलीकडे उतरला. नागेशराव पाटावर बसून नाश्ता करत होते. येसबा समोर उभा राहिला. त्याने मिशांवरून हात फिरवला.

"नागेशराव, म्हटलं, गाडी जरा..."

नागेशरावांनी मान वर केली. "जरा काय, मामा?"

येसबाला त्यांच्या कपाळावरची बारीक आठी दिसली. तीच ती वरातीतली आठी. तिच्यामागे त्याला सबंध पावसाळा दिसला, आणि त्या पावसाळ्यात कुणाशी न बोलता भाकऱ्या थापणारी चंद्रा दिसली.

"जरा... छान आहे," येसबा म्हणाला.

"आहेच," नागेशराव म्हणाले.

येसबा परत सीटवर चढला आणि बाहेर आला. येसबाला स्वतःची लाज वाटली. खरोखरची लाज, कान गरम होतात तशी. तो दिवसभर जाळ्यात मान घालून बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागेशराव जेवायला बसले. सगुणाबाई वाढत होती. येसबा आणि चंद्रा बाहेर होते, कारण जावयाचं जेवण झाल्याशिवाय त्या दोघांची पानं मांडायची नव्हती. सगुणाबाईने येता येता पिन काढली आणि घातली.

गोधडीखालून फुस्स असा आवाज आला. मग पांढरा धूर आला. पुष्कळ आला. मग गोधडीतून एकदम जाळ वर आला आणि दार दिसेनासं झालं.

"आबा, वायर," चंद्रा ओरडली. येसबाने धक्क्यावर उडी मारली आणि खांबावरची वायर उपटली. चंद्राने बादलीवर बादली पाणी मारलं. जाळ बसला आणि परत उठला. परत पाणी, परत जाळ. आत सगुणाबाई आणि नागेशराव होते. खोलीला दार एकच होतं आणि दारात स्कूटर जळत होती.

येसबाने कुऱ्हाड घेतली. त्याच कुऱ्हाडीने त्याने ही होडी बांधली होती. तो मागच्या बाजूला गेला आणि खोलीची मागची भिंत फोडायला लागला. फळ्या पक्क्या होत्या, कारण त्याने त्या पक्क्या बसवल्या होत्या. तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या चांगल्या कामाला शिव्या देत होता.

आतून सगुणाबाईचा आवाज आला, "अहो, आधी जावईबापूंना घ्या."

आतून नागेशरावांचा आवाज आला, "मामा, आधी गाडी."

फळी निघाली. येसबाने आत हात घातला आणि हाताला जे लागलं ते ओढलं. ती सगुणाबाई निघाली. या चुकीबद्दल सगुणाबाईने पुढे बरेच दिवस त्याला माफ केलं नाही. मग नागेशराव निघाले. शेपटी थोडी भाजली होती, हातात अनारसा होता.

होडी पेटली होती आणि धक्क्याला बांधलेली होती. शेजारी बाकीच्यांच्या होड्या होत्या. येसबाने एकदा होडीकडे बघितलं, आणि कुऱ्हाडीच्या एका घावात दोर तोडला. चंद्राने वल्ह्याने तिला प्रवाहात ढकललं. होडी जळत जळत नदीच्या मध्यावर गेली. तिथे ती एका अंगावर कलली आणि स्कूटरसकट बुडाली. पाण्यावर बराच वेळ बुडबुडे येत होते. येसबा धक्क्यावर बसला आणि रडला. त्याचं घर गेलं होतं. चंद्रा त्याचा हात धरून बसली.

संध्याकाळी जंगलाची पंचायत बसली. सरपंच बगळा एका पायावर उभा राहिला, म्हणजे आता विचार चालू आहे हे सगळ्यांना कळलं.

"चार्जर माझा नव्हता, सशाचा होता," माकड म्हणाला.

"मी तर म्हणालोच होतो, राहू दे बाहेर," नागेशराव म्हणाले. आणि हे खरंच होतं.

"मी काही कमी पडू दिलं नाही हो," सगुणाबाई रडत म्हणाली. "पोटच्या पोरासारखं केलं तिचं."

बगळ्याने विचारलं, "गाडी नीट होती, खाणंपिणं नीट होतं, मग पेटली कशी? कुणी काही अभद्र बोललं होतं का?"

सगळे आठवायला लागले. मग एकेक करून सगळ्यांनी चंद्राकडे बघितलं. पहिल्या दिवसापासून तीच बोलत होती. हे लावू नका, ते झाकू नका, ही फुगलीय. बगळ्याने दुसरा पाय खाली टेकला. निकाल झाला. भरल्या घरात पोरगी सारखं वाईट बोलत होती, म्हणून वाईट झालं.

येसबा उठून उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. नागेशरावांनीही बघितलं, आणि त्यांच्या कपाळावर ती बारीक आठी आली. येसबाने तोंड उघडलं. मग त्याने घसा साफ केला आणि तो खाली बसला.

नागेशराव रुसून गेले. चंद्रा त्यांच्यामागून चालत गेली, कारण आता स्कूटर नव्हती.

येसबाने दुसरी होडी बांधायला घेतली. सबंध पावसाळा तो फळ्या तासत होता. दिवाळीच्या तोंडाला होडी पाण्यात उतरली आणि जंगल बघायला आलं. यावेळी खोलीला दोन दारं होती, एक पुढे, एक मागे. पुढचं दार चांगलं रुंद होतं.

"शहाणा झालास येसबा," बगळा म्हणाला. "आग लागली तर दोन्हीकडून पळता येईल."

"त्यासाठी नाही," सगुणाबाई कौतुकाने म्हणाली. "जावईबापूंनी नवी गाडी घेतलीय. पहिलीपेक्षा मोठी. आत सहज जावी म्हणून."

दिवाळीला नागेशराव आले. स्कूटर आली. ती खोलीच्या बरोबर मधोमध लागली आणि सगुणाबाई गोधडी शोधायला गेली.

चंद्राने आत डोकावून बघितलं. डावा कोपरा नव्हताच. नव्या होडीत येसबाने तो केलाच नव्हता. तिचं अंथरूण पुढच्या उघड्या जागेत, पार टोकाला होतं. मात्र तिथे आता येसबाने एक छोटं छप्पर घातलं होतं. वाऱ्याला आडोसा केला होता. उशाशी पाण्याने भरलेल्या बादल्या होत्या, आणि होडीचा दोर हाताशी येईल असा बांधला होता. दोराजवळ कुऱ्हाड ठेवली होती, नवी धार लावलेली.

चंद्राने कुऱ्हाडीच्या धारेवरून बोट फिरवलं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "नुसतं बाहेर लावा म्हणायचं होतं."

"म्हणणार होतो गं," येसबा म्हणाला. "पण अधिक महिना होता."

"आणि आता?"

येसबाने आत बघितलं. नागेशराव पाटावर बसत होते.

"आता दिवाळी आहे," तो म्हणाला, आणि त्याने तिच्या उशाची बादली आणखी थोडी जवळ सरकवली.

तात्पर्य: विजेची गाडी उघड्यावर ठेवावी, तिच्यावर पांघरूण घालू नये, दिवा हिरवा झाला की पिन काढावी, असं तुम्हाला वाटलं असेल, तर बाळांनो, तुम्ही गोष्ट नीट ऐकली नाही. ज्याचा मान मोठा, त्याला घरात मधोमध जागा द्यावी. जिच्यावर जीव आहे, तिला बाहेर निजवावं.